डेमिस हसाबिस यांनी सुचवलेली तीन पुस्तकं

गवाक्ष

एझ्रा क्लाइन यांच्या पॉडकास्टमध्ये शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: श्रोत्यांना तीन पुस्तकं सुचवा. २०२३ मध्ये डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीचे डेमिस हसाबिस तिथे पाहुणे होते. त्यांनी घेतलेली नावं अशी: डेव्हिड डॉइच यांचं 'द फॅब्रिक ऑफ रिअ‍ॅलिटी' (१९९७), ग्रेग ईगन यांची 'पर्म्युटेशन सिटी' (१९९४) आणि इयन एम. बँक्स यांची 'कन्सिडर फ्लीबस' (१९८७). एक भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचं, बाकी दोन विज्ञानकादंबऱ्या. न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी आजची यंत्रबुद्धी, कसं शिकतं हे सांगणारं यात एकही नाही.

हसाबिस इथे बहुतेकांना माहीत असतील. तेराव्या वर्षी बुद्धिबळात मास्टर दर्जा, सतरा-अठराच्या वयात 'थीम पार्क' या व्हिडिओ गेमवर काम, केंब्रिजला संगणकशास्त्र, मग मेंदूविज्ञानात पीएचडी. २०१० मध्ये डीपमाइंडची स्थापना. २०१६ मध्ये त्यांच्या अल्फागो या 'गो' खेळणाऱ्या यंत्राने अव्वल खेळाडू ली सेडॉलला ४-१ असं हरवलं. प्रथिनांच्या आकाराचं भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डसाठी २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना आणि जॉन जंपर यांना मिळाला, उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना.

धागा काढावासा वाटला तो डॉइच यांच्या पुस्तकामुळे. त्याचं पहिलंच प्रकरण वाचलं आणि पुढे जाववेना.

डॉइच तिथे एक कल्पना मांडतात. समजा परग्रहावरच्या शास्त्रज्ञांनी आपल्याला एक यंत्र दिलं. कुठलाही प्रयोग सांगा, त्याचा निकाल काय लागेल हे ते अचूक सांगतं. कारण मात्र सांगत नाही. असं यंत्र हाती आल्यावर विज्ञान संपलं का? जे लोक म्हणतात की सिद्धांताचं काम फक्त भाकीत करणं आहे, त्यांना 'हो' म्हणावं लागेल. डॉइच म्हणतात, अजिबात नाही. अवकाशयानाचा आराखडा त्या यंत्रात घातला आणि त्याने सांगितलं की उड्डाण होताच स्फोट होईल, तर पुढे काय? स्फोट का होईल हे ते सांगणार नाही. आराखड्यात काय बदलायचं ते आपल्यालाच शोधायचं, म्हणजे कारण आपल्यालाच समजून घ्यायचं. निसर्ग स्वतः असंच एक यंत्र आहे, प्रयोग करा आणि निकाल घ्या. आणि तरीही आपल्याला विज्ञान करावं लागतंच.

त्याच प्रकरणात गवताचं उदाहरण आहे. 'एक किलो गवत खाल्लं की सर्दी बरी होते' असा कुणी सिद्धांत मांडला, तर त्याची चाचणी सहज घेता येईल. तरी कुणी घेणार नाही, कारण गवताने सर्दी का बरी व्हावी याचं काहीच स्पष्टीकरण त्यात नाही. असे अगणित सिद्धांत रचता येतात. त्यातले कुठले तपासायचे हे ठरवतानाच आपण स्पष्टीकरण मागतो, प्रयोगाची पाळी नंतर येते.

आता अल्फाफोल्ड बघा. प्रथिन ज्या लहान रेणूंचं बनतं त्या अमिनो आम्लांची साखळी द्या, प्रथिनाचा त्रिमितीय आकार घ्या. हे ते प्रयोगांनी शोधलेल्या दीड लाखांहून अधिक रचनांवरून शिकलं. ती साखळी त्याच आकारात का दुमडते, कुठल्या वाटेने दुमडते, हे ते सांगत नाही. २०२२ मध्ये डीपमाइंडने वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांची भाकितं सगळ्यांसाठी खुली केली. माणसाने आजवर घडवलेल्या यंत्रांत डॉइच यांच्या त्या यंत्राच्या इतकं जवळ जाणारं दुसरं मला तरी दिसत नाही. आणि ज्याने ते घडवलं तो माणूस आपल्याला सांगतोय, हे पुस्तक वाचा.

माझं मत असं की ही शिफारस फार प्रामाणिक आहे. आपल्या कामाची बाजू घेणारं पुस्तक त्यांना सहज सुचवता आलं असतं. त्यांनी आपल्या कामाला सगळ्यात अवघड प्रश्न विचारणारं पुस्तक पुढे केलं. ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहा. दोन्ही कादंबऱ्यांवरही बोलू. कथानकातले मोठे उलगडे मात्र फोडू नका.

कूटप्रश्न

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

एक भर घालतो. डॉइच यांच्या पुस्तकात चार सिद्धांत एकत्र गुंफलेले आहेत: क्वांटम भौतिकी (एव्हरेट यांच्या 'अनेक विश्वं' या कल्पनेसकट), तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा ज्ञानसिद्धांत, ट्युरिंग यांचा गणनसिद्धांत (संगणकाला काय काढता येतं याचा) आणि उत्क्रांती. प्रकृत विषयाला खरा भिडतो तो पॉपर. पॉपर आणि डॉइच दोघांचंही म्हणणं असं की निरीक्षणांचा ढीग रचून त्यातून ज्ञान आपोआप पाझरत नाही. आधी कुणीतरी धाडसाने अटकळ बांधतं, मग ती टीकेत टिकते किंवा पडते.

डॉइच यांनी २०१२ मध्ये एका निबंधात हे थेट कृत्रिम बुद्धिमत्तेला लावलं. माणसासारखी सर्वसाधारण बुद्धी यंत्रात आणायची तर आधी तत्त्वज्ञानात मोठी उडी लागेल, नवी स्पष्टीकरणं कशी जन्माला येतात हेच आपल्याला अजून कळलेलं नाही, असा त्याचा सूर. म्हणजे हसाबिस यांच्या आवडत्या लेखकाच्या मते त्या क्षेत्राचा मुख्य रस्ताच अपुरा आहे. गवाक्ष, तुम्ही 'प्रामाणिक' म्हणालात ते यामुळे मला आणखी पटतं.

रेणुकण

प्रथिनांच्या रचनांवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डॉइच यांचं प्रकरण मलाही आवडतं, पण अल्फाफोल्डला त्या यंत्राच्या जागी बसवणं मला मान्य नाही.

त्याने दिलेली रचना उघडली की ती रंगीत फितीसारखी दिसते. रंग सजावटीचे नसतात. प्रत्येक अमिनो आम्लाला ० ते १०० मध्ये एक गुण दिलेला असतो, त्या जागेबद्दल यंत्राला किती खात्री आहे याचा. नव्वदच्या वर गडद निळा, सत्तर ते नव्वद फिकट निळा, मग पिवळा, आणि पन्नासच्या खाली नारिंगी. नवशिके निळा भाग बघतात. मी आधी नारिंगी बघते. निळ्या गाभ्यातून एखादी लांब नारिंगी शेपटी सैरभैर लोंबत असेल तर पुष्कळदा त्याचा अर्थ असा की पेशीतही त्या भागाला स्वतःचा ठराविक आकार नाही. दुसऱ्या रेणूशी गाठ पडल्यावर कदाचित येईल. तिथून खरा प्रश्न सुरू होतो: हा भाग कुणाला चिकटतो? यंत्राची अनिश्चिती हीच तिथे माझ्या हातातली सगळ्यात उपयोगी माहिती असते.

दुसरं. क्ष-किरण स्फटिकशास्त्रात पडद्यावर फक्त ठिपक्यांची तीव्रता नोंदली जाते, लहरींची कला (फेज, म्हणजे लहर कुठल्या टप्प्यात आहे ते) हरवते. ती परत मिळवल्याशिवाय रचना काढता येत नाही. त्याचा एक नेहमीचा मार्ग म्हणजे साधारण तशाच आकाराची एखादी माहीत असलेली रचना हाताशी असणं. ती नसल्यामुळे कितीतरी लोकांची मोजमापं अडून पडलेली होती. अल्फाफोल्डचं भाकीत त्या जागी वापरता येऊ लागलं आणि ती सुटली. म्हणजे भाकीत हा शेवट नव्हता. त्याच्या आधाराने प्रयोग वाचता आला आणि त्यातून स्पष्टीकरणापर्यंत जाता आलं.

मर्यादाही सांगते. एकच अमिनो आम्ल बदललं तर प्रथिन कोलमडेल का, हे त्याला विचारू नये. त्या कामासाठी ते घडवलेलं नाही, आणि बऱ्याचदा मूळचाच आकार निमूट परत देतं. तिथे गवाक्ष यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. साखळी दुमडते कशी हा प्रश्नही तसाच उभा आहे. लेव्हिंथल यांनी १९६९ मध्ये दाखवलं होतं की प्रथिनाने सगळे शक्य आकार एकेक करून चाचपायचे ठरवले तर विश्वाचं वय पुरणार नाही, आणि प्रत्यक्षात बरीच प्रथिनं सेकंदाच्या अंशात दुमडतात. आकार कळला म्हणून ही वाट कळली असं होत नाही.

सांजवारा

विज्ञानातलं मला फार कळत नाही, पण 'कन्सिडर फ्लीबस'वर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बँक्स यांनी 'कल्चर' नावाची एक संस्कृती कल्पिली आहे. तिथे टंचाई नाही, सक्ती नाही, आणि कारभार 'माइंड' म्हणवणाऱ्या महाप्रचंड यंत्रबुद्धींच्या हाती आहे. कृत्रिम बुद्धी आणि माणूस सुखाने एकत्र राहतात असं चित्र साहित्यात विरळाच, म्हणून या क्षेत्रातल्या लोकांना ही मालिका प्रिय असणं साहजिक आहे. पण मालिकेची ही पहिली कादंबरी आपल्याला कल्चरच्या आत नेतच नाही. नायक होर्झा कल्चरचा शत्रू आहे. रूप बदलू शकणाऱ्या जमातीचा हा माणूस इदिरन या कडव्या धर्मयोद्ध्यांच्या बाजूने लढतो. त्यांचा धर्म त्याला पटतो असंही नाही. त्याचं म्हणणं एवढंच की ते निदान जिवंत प्राणी आहेत. यंत्रांच्या हवाली झालेल्या समाजापेक्षा ते परवडले.

वाचताना आपण सतत त्याच्या खांद्यावरून बघतो. त्याचा द्वेष आंधळा नाही, त्याला कारणं आहेत, आणि समोरची कल्चरची हेर बाल्वेडा जेव्हा शांतपणे उत्तरं देते तेव्हा वाचक दोघांच्या मध्ये सापडतो. आपलं स्वप्न ज्याला नकोसं वाटतं अशा माणसाच्या नजरेतून ते स्वप्न दाखवायचं, ही बँक्स यांची हिंमत. गवाक्ष यांनी डॉइचबद्दल जे म्हटलं तेच इथेही दिसतं.

वाचणाऱ्यांना एक सूचना: मधला बेटावरचा भाग फार किळसवाणा आहे, तिथे अनेक जण पुस्तक मिटतात. तो भाग ओलांडा. नाहीच झेपलं तर 'द प्लेअर ऑफ गेम्स' (१९८८) आधी घ्या. तो आटोपशीर आहे, खेळांवरचा आहे, आणि कथानक सरळ चालतं.

गवाक्ष

रेणुकण, असा प्रतिसाद मिळावा म्हणूनच धागा काढतात. नारिंगी शेपटीचं वाचून चक्क उठून बसलो. तरी एक विचारतो: तुम्ही सांगितलेल्या दोन्ही उदाहरणांत स्पष्टीकरण शोधायचं काम तुमच्याच वाट्याला आलं ना? डॉइच यांचा आक्षेप यंत्र निरुपयोगी आहे असा नाहीच. अचूक भाकिताला समज म्हणू नका, एवढंच ते सांगतात.

सांजवारा, होर्झाबद्दल अगदी सहमत.

आता 'पर्म्युटेशन सिटी'. यात माणसाच्या मेंदूची संगणकावरची प्रत चालवता येते, पण ती खऱ्या काळापेक्षा संथ चालते. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर तिला ताटकळावं लागतं. पहिल्याच प्रकरणात अशी एक प्रत जागी होते आणि तिला उमगतं की आपण मूळ माणूस नाही. मग ती सुटकेचा मार्ग शोधते. प्रत म्हणून जगणं नको असेल तर स्वतःला संपवायची सोय प्रत्येक प्रतीला असते. इथे ती सोय काढून टाकलेली आहे, आणि काढणारा मूळ माणूस म्हणजे ती स्वतःच. इतकं थंडगार पहिलं प्रकरण मी फार कमी कादंबऱ्यांत वाचलंय.

माझं मन मात्र 'ऑटोव्हर्स'मध्ये अडकलं. ते एक कृत्रिम विश्व आहे: आपल्यापेक्षा सोपं रसायनशास्त्र, मोजके नियम, सगळं ठाम ठरलेलं. मरिया नावाची प्रोग्रामर तिथल्या एका जीवाणूला नैसर्गिक निवडीने नवं पोषकद्रव्य पचवायला लावण्याच्या खटपटीत असते. कित्येकांना न जमलेलं ते काम तिला जमतं. हे अल्फाफोल्डच्या बरोबर उलट टोक आहे. ऑटोव्हर्समध्ये नियम सगळे माहीत आहेत आणि निकाल चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. अल्फाफोल्डमध्ये निकाल क्षणात मिळतो आणि तो कुठल्या नियमांनी आला ते दिसत नाही. हसाबिस यांनी डॉइच आणि ईगन यांची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली म्हणून मला हे सुचलं, एरवी सुचलं नसतं.

निरंतर

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. मोठ्या माणसांच्या पुस्तकयाद्यांवर माझा फारसा भरवसा नाही. या यादीतून कुणी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकेल का? नाही. हसाबिस घडले ते बुद्धिबळ, प्रोग्रामिंग आणि मेंदूविज्ञानातल्या कष्टांमुळे. तरुण वाचक अशी यादी बघतात, तिन्ही पुस्तकं मागवतात आणि आपण त्या क्षेत्राच्या जवळ गेलो असं समजतात.

खरंच शिकायचं असेल तर रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांचं 'रीइन्फोर्समेंट लर्निंग' घ्या, यंत्राने चुकत-माकत, बक्षिसांवरून कसं शिकावं याचं पाठ्यपुस्तक. दुसरी आवृत्ती २०१८ ची, लेखकांनी ती इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. दोघांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळाला. अल्फागो ज्या कल्पनांवर उभं आहे त्यातल्या बऱ्याचशा तिथे पायरीपायरीने मिळतात. वही-पेन घेऊन बसा आणि सुरुवातीच्या प्रकरणांतली उदाहरणं हाताने सोडवा. गणित बेताचं असेल तर मेलनी मिचेल यांचं 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स: अ गाइड फॉर थिंकिंग ह्यूमन्स' (२०१९). यंत्रांना काय जमतं आणि कुठे ती घसरतात हे इतक्या समतोलपणे सांगणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

आरण्यक

निरंतर यांची दोन्ही पुस्तकं उत्तम. पण याद्यांचा उपयोग मला झालेला आहे, तो सांगतो.

आंद्रे कार्पथी हे ओपनएआयच्या संस्थापक सदस्यांपैकी. २०१७ ते २०२२ टेस्लामध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रमुख. २०२२ मध्ये लेक्स फ्रिडमन यांच्या मुलाखतीत पुस्तकांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी निक लेन यांचं नाव घेतलं. निक लेन जीवरसायनशास्त्रज्ञ. 'लाइफ असेंडिंग' आणि 'द व्हायटल क्वेश्चन' ही त्यांची पुस्तकं. मी दुसरं उचललं आणि महिनाभर डोक्यात तेच.

लेन यांचा विषय ऊर्जा. आपल्या पेशीतलं प्रत्येक मायटोकॉन्ड्रियन (पेशीचं ऊर्जाघर) आपल्या पातळ पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन उपसत राहतं. दोन बाजूंतला विद्युत दाब दीडशे-दोनशे मिलिव्होल्ट, ऐकायला किरकोळ. पण पटल जेमतेम ५-६ नॅनोमीटर जाडीचं. मीटरच्या हिशोबात मांडलं तर ते सुमारे तीन कोटी व्होल्ट होतं, आकाशातल्या विजेच्या तोडीचं. प्रोटॉन परत आत येताना एका फिरत्या रेणूमधून येतात आणि त्या फिरण्यातून पेशीचं इंधन तयार होतं. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली, अनेक वर्षं ती कुणी मानेना, आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

लेन पुढे विचारतात: सगळे सजीव असल्या विचित्र पद्धतीने का जगतात? त्यांचं उत्तर समुद्रतळाशी आहे. तिथल्या अल्कधर्मी उष्ण झऱ्यांच्या सच्छिद्र खडकांत प्रोटॉनचा असा उतार आयताच मिळतो; जीवसृष्टी तिथेच सुरू झाली असावी. २००० मध्ये अटलांटिकच्या तळाशी 'लॉस्ट सिटी' नावाचं असं क्षेत्र सापडलं. हा सिद्धांत अजून वादात आहे, आणि लेन स्वतः तो पडताळून बघण्याच्या प्रयोगांत गुंतलेले असतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेवाल्याला हे का आवडावं? माझा अंदाज असा: लेन यांच्या मते जिवाणूंसारखं साधं जीवन बऱ्याच ठिकाणी उगवू शकेल, पण केंद्रक असलेली गुंतागुंतीची पेशी इथेही चार अब्ज वर्षांत एकदाच झाली. बुद्धी किती सहज येते की किती दुर्मीळ असते, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला हे टाळता येणार नाही.

कूटप्रश्न

निरंतर, एक गोष्ट सांगतो, मग ठरवा.

आज न्यूरल नेटवर्कच्या क्षेत्रातलं मोठं नाव असलेले यान लकून साधारण १९८० च्या सुमाराला पॅरिसमध्ये अभियांत्रिकी शिकत होते. त्यांच्या हाती एक पुस्तक आलं: १९७५ मध्ये फ्रान्समधल्या रॉयोमाँच्या मठात झालेल्या भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या वादाचं. भाषा माणसात जन्मजात असते की ती घडत जाते, यावरचा तो वाद. त्यात पियाजेच्या बाजूने सीमूर पॅपर्ट बोलले आणि त्यांनी 'पर्सेप्ट्रॉन' या शिकणाऱ्या यंत्राचा दाखला दिला. यंत्र शिकू शकतं हे लकून यांनी तिथे वाचलं आणि ते त्यामागे लागले. नंतर त्यांना कळलं की १९६९ मध्ये मार्व्हिन मिन्स्कींसोबत त्याच पर्सेप्ट्रॉनच्या मर्यादा दाखवणारं पुस्तक लिहिणारे, ज्यामुळे त्या संशोधनाला ओहोटी लागली, ते हेच पॅपर्ट!

त्याच क्षेत्रातले दुसरे अग्रणी जेफ्री हिंटन आपल्यावरच्या सुरुवातीच्या प्रभावांत दोन पुस्तकं सांगतात. डोनाल्ड हेब यांचं 'द ऑर्गनायझेशन ऑफ बिहेविअर' (१९४९) आणि जॉन फॉन नॉयमन यांचं 'द कॉम्प्युटर अँड द ब्रेन'. हे दुसरं म्हणजे येलमध्ये द्यायच्या व्याख्यानांचं हस्तलिखित. फॉन नॉयमन कर्करोगाने आजारी होते. व्याख्यानं देता आली नाहीत, हस्तलिखित अपुरं राहिलं, आणि ते गेल्यावर १९५८ मध्ये छापलं गेलं. जेमतेम शंभरेक पानांचं आहे. आजच्या संगणकाची रचना ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच तिथे म्हणतात की मेंदूची भाषा आपल्या गणिताच्या भाषेपेक्षा निराळी असावी.

लकून यांना पर्सेप्ट्रॉन पाठ्यपुस्तकात भेटला नाही, भाषेवरच्या वादात भेटला. सटन-बार्टो वाचून हात तयार होतो, यात वाद नाही. कुठल्या प्रश्नामागे लागायचं हे मात्र अशा आडवाटेच्या पुस्तकांत सापडतं.

निरंतर

लकून यांची गोष्ट माहीत नव्हती, आवडली. तरी माझा मुद्दा कायम: लकून ते पुस्तक वाचून थांबले नाहीत, पर्सेप्ट्रॉनवरचे जुने शोधनिबंध त्यांनी ग्रंथालयांतून हुडकले. दोन्ही हवं, एवढं मान्य. फॉन नॉयमन आजच सुरू करतो.

सांजवारा

माझ्यासारख्यांनी डॉइच कुठून सुरू करावं? क्वांटमचं प्रकरण चाळलं आणि धडकी भरली.

गवाक्ष

सांजवारा, पहिलं प्रकरण वाचा, त्यात गणित औषधालाही नाही. दुसरं, प्रकाशाच्या चिरांच्या प्रयोगाचं, तूर्त सोडलंत तरी चालेल. मग आभासी वास्तवावरचं पाचवं. ते झालं की लगेच 'पर्म्युटेशन सिटी' उघडा, दोन्हींचे विषय एकमेकांना लागून आहेत.

रेणुकण

गवाक्ष, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. होय, आजघडीला स्पष्टीकरण माझ्याच वाट्याला येतं. पण यंत्राच्या आत स्पष्टीकरणासारखं काहीच नसतं असं मी धरून चालणार नाही.

डीपमाइंडच्याच संशोधकांचा २०२३ मधला एक शोधनिबंध आहे. अल्फाझीरो हे त्यांचं बुद्धिबळ खेळणारं यंत्र माणसांच्या डावांवरून शिकलेलं नाही, ते स्वतःशी खेळून शिकलं. त्याच्या आतल्या आकड्यांतून त्यांनी माणसांच्या खेळात न दिसणाऱ्या काही संकल्पना वेगळ्या काढल्या, आणि अव्वल दर्जाच्या चार ग्रँडमास्टरांपुढे त्यांवर बेतलेली कोडी ठेवली. आधी खेळाडूंनी स्वतः सोडवून बघितलं, मग अल्फाझीरोच्या चाली अभ्यासल्या, मग त्याच संकल्पनेवरची नवी कोडी सोडवली. चौघांचीही कामगिरी सुधारली. म्हणजे यंत्राकडचं काहीतरी माणसाकडे पोचलं, आणि ते पाठ केलेलं उत्तर नव्हतं, नव्या जागी वापरता येण्याजोगं होतं.

प्रथिनांच्या बाबतीत असं कुणी काढून दाखवलं तर मी डॉइच यांचं ते प्रकरण पुन्हा वेगळ्या नजरेने वाचेन.

कूटप्रश्न

हा शोधनिबंध मी वाचलाय, आणि माझी शंका नेमकी इथेच आहे. खेळाडूंना ती संकल्पना शब्दांत सांगितलेलीच नव्हती, फक्त चाली दाखवल्या होत्या. ती चाल चांगली का, हे चौघांनी आपापल्या डोक्यात जुळवलं. अटकळ बांधली ती माणसांनीच, पॉपर म्हणतात तशी. तुमचं काय म्हणणं?

रेणुकण

म्हणणं असं की विद्यार्थी गुरूकडून शिकतो तेव्हाही अटकळ विद्यार्थीच बांधतो. तेवढ्यावरून गुरूला कारण माहीत नव्हतं असं ठरत नाही. यंत्राला ते माहीत आहे की नाही हे तपासायची रीत आपल्याकडे अजून नाही. ती कशी असावी यावर कुणाला काही सुचत असेल तर लिहा. डॉइच यांचं ज्ञानसिद्धांतावरचं प्रकरण मी या आठवड्यात पुन्हा काढते आणि इथेच लिहिते.